केरी ते नेत्रावळी : पायी वाटेवरचे घास आणि विसावे

जानेवारीच्या मध्यावर आठवडाभराची रजा टाकून मी, माझा धाकटा भाऊ आणि वाळपईची माझी मैत्रीण असे तिघे सत्तरीतील केरीहून पायी निघालो आणि सहाव्या दिवशी दुपारी सांगे तालुक्यातील नेत्रावळीला पोहोचलो. परत आल्यापासून डिचोलीत ज्याने-त्याने मला एकच प्रश्न विचारला आहे. किती चाललात, पाय दुखले का, गवा दिसला का, हे सगळे नंतर, आधी "जेवलात कुठे आणि झोपलात कुठे?" हा प्रश्न मला अगदी योग्य वाटतो. वाट लांबची असली की पाय दोन दिवसांत सरावतात, पण सकाळी काय खायचे, दुपारी कुठे टेकायचे आणि रात्री पाठ कुठे टाकायची, हे रोज नव्याने जुळवावे लागते. म्हणून या नोंदीत डोंगर, पक्षी आणि धबधबे बाजूला ठेवून मी फक्त खाण्याविषयी आणि विसाव्याविषयी लिहिते आहे.

गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे. आम्ही त्यातला पूर्वेचा, सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग निवडला : केरी, वाळपई, ब्रह्मकरमळी, तांबडी सुर्ला, मोले, कुळे, सांगे आणि नेत्रावळी. वळणे धरून आमचे चालणे शंभर किलोमीटरच्या थोडे वर गेले. या पट्ट्यात म्हादई, भगवान महावीर आणि नेत्रावळी ही तीन अभयारण्ये एकामागोमाग एक येतात. अभयारण्यातील आडवाटांसाठी वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आम्ही मुख्यतः गावरस्त्यांनी चाललो. तसे केले म्हणूनच वाटेत माणसे भेटली आणि माणसे भेटली म्हणून अन्न मिळाले.

बदरी-केदारची यात्रा पायी होत असे त्या काळात वाटेवर ठरावीक अंतरावर चट्ट्या होत्या. यात्रेकरूने चट्टीवरच्या दुकानातून शिधा घ्यायचा आणि तिथलीच भांडी वापरून रांधायचे, अशी ती व्यवस्था होती. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात, कोणत्या गावात कोणाची पंगत हेसुद्धा पिढ्यानपिढ्या चालत आलेले असते. गोव्याच्या या आतल्या वाटेवर चालणाऱ्यासाठी म्हणून काहीच उभे राहिलेले नाही. तरीही आम्ही सहा दिवस उपाशी राहिलो नाही, कारण या वाटेवर थांबे भरपूर आहेत. मात्र त्यातला प्रत्येक थांबा दुसऱ्या कोणासाठी तरी उभा राहिलेला आहे. पहाटेच्या बसने कामाला जाणाऱ्यांसाठी, देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी, घाट चढणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी, दूधसागरच्या पर्यटकांसाठी, एकेकाळी खाणीच्या गाड्यांसाठी. आपण त्या पंगतीत मागाहून येऊन बसणारे. तेव्हा ती पंगत कोणाची आहे आणि ती किती वाजता उठते, हे ठाऊक असणे सर्वांत महत्त्वाचे, असे माझे या प्रवासानंतरचे मत आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी डिचोलीचा बुधवारचा बाजार होता. तिथून आम्ही घेतले ते फार थोडे : अर्धा किलो खाजे, भाजलेले चणे, गूळ, साळदाटी केळ्यांचा लहानसा घड आणि एका ओळखीच्या बाईकडून आगळाची एक बाटली. खाज्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे ही आनंदाची गोष्ट आहेच, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे गुण वेगळे आहेत. बेसनाच्या तळलेल्या कांडीवर आल्याचा गूळ चढवलेला असल्याने ते आठवडाभर टिकते, पिशवीत चुरगळत नाही, आणि चढणीवर तोंडात टाकलेली एक कांडी पाऊण तास पुरते. जत्रेतून आणलेले खाजे आमच्याकडे डब्यात पडून मऊ होते. त्याचा खरा उपयोग वाटेवरचा आहे असे मला या वेळी पहिल्यांदा कळले. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस. लिटरभर पाण्यात त्याचे दोन चमचे घातले की घामावाटे गेलेले मीठ परत मिळते आणि कोमट झालेले पाणीही प्यावेसे वाटते. रंगीत पावडरींची पाकिटे भावाने हौसेने घेतली होती, ती न फोडता परत आली.

केरीहून आम्ही गुरुवारी निघालो. चोर्ला घाटाच्या पायथ्याचे हे गाव पहाटे लवकर जागे होते. साडेसहाला थंडीत हात चोळत आम्ही ज्या हॉटेलात शिरलो, त्याला हॉटेल म्हणायचे ते गोव्यातल्या अर्थाने : चार बाके, एक काचेचे कपाट, भिंतीवर देवाचे कॅलेंडर आणि मागच्या खोलीत धुराने काळवंडलेले आढे. कपाटात नुकतेच आलेले पाव आणि पोयी. चुलीवरच्या टोपात पातळ भाजी रटरटत होती. पांढरे वाटाणे, वाटलेला नारळ, वर तरंगणारी कढीलिंबाची पाने. दुसऱ्या भांड्यात बटाट्याची सुकी भाजी होती. गिऱ्हाईक आत येताना नुसते "मिक्स" म्हणते आणि मालक एकाच ताटलीत अर्धी पातळ, अर्धी सुकी घालून पुढे सरकवतो. आमच्या शेजारी बसलेले काका मराठी वर्तमानपत्र चाळत एका हाताने पोयी मोडत होते. पोयी दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि आत पोकळ असते, वरून गव्हाचा कोंडा लागलेला असतो. तिचा तुकडा मोडून भाजीत बुडवला की तो रस शोषतो पण विरघळत नाही. मी ती भाजी दोनदा मागून घेतली.

याच बाकावर आमचे पहिले शिक्षण झाले. दुपारसाठी काही बांधून मिळेल का, असे मी विचारल्यावर मालकाने पातळ भाजी द्यायला साफ नकार दिला. नारळाची भाजी उन्हात विटते, अकरा वाजेपर्यंत तिला वास येतो, असे ते म्हणाले. त्याऐवजी त्यांनी चार पोयांच्या कडा सुरीने कापून त्या पोकळीत सुकी भाजी दाबून भरली, प्रत्येकी एक मिरचीचे भजे ठेवले आणि केळीच्या पानात गुंडाळून दिले. या कापलेल्या पोयीइतके सोयीचे वाटेवरचे जेवण मी आजवर खाल्लेले नाही. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती घड्याळाची. आतल्या गावांतली भाजी साडेनऊ-दहाला संपते. कामावर जाणारे खाऊन गेले की टोप घासला जातो आणि मग दुपारी चारपर्यंत चहाशिवाय काही मिळत नाही. काही ठिकाणी तर दार पुढे लोटून मालक शेतावर किंवा बागायतीत गेलेला असतो.

हे घड्याळ मी नंतर वहीत लिहून घेतले आणि सहाही दिवस ते खरे ठरले. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सहा-सातच्या दरम्यान येतो आणि पुन्हा दुपारी चारनंतर. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळे प्लास्टिक आणि रबरी भोंग्याचा तो पों-पों आवाज. आता बऱ्याच गावांत सायकलच्या जागी स्कूटर आली आहे, भोंगा मात्र तोच आहे. दहा-अकरा ही घरोघरी पेजेची वेळ. साडेबारा ते दोन शीत-कडीची, म्हणजे भात-कालवणाची, तीही मोठ्या गावांतच. चार ते सहा चहा, बन्स आणि भजी. ऑमलेट-पावाचे गाडे दिवेलागणीनंतर उघडतात आणि तेही वाळपई-सांग्यासारख्या ठिकाणीच. चालण्याचा बेत आखताना आपण आधी किलोमीटर मोजतो आणि मग खाण्याचे बघतो. मी आता उलटे करते. सकाळचे नऊ, दुपारचा एक आणि संध्याकाळचे पाच या तीन वेळांना आपण कोणत्या गावात असू, हे आधी ठरवते. मधले अंतर त्यातून आपोआप ठरते.

वाळपईला मुक्काम मैत्रिणीकडेच होता. गुरुवार असल्याने घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण होते : खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), भात, सोलकढी आणि तांबडी भाजी. तिच्या आईने आम्हाला जेवायच्या आधी कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसायला लावले. तो उपाय पुढे आम्ही रोज केला.

शुक्रवारी ब्रह्मकरमळीला गेलो. जुन्या गोव्याजवळच्या करमळीहून पोर्तुगीज काळात ब्रह्मदेवाची मूर्ती इथे हलवली गेली आणि गावालाही तेच नाव मिळाले. देवासाठी म्हणून माणसे तेव्हा किती अंतर चालली असतील आणि वाटेत त्यांनी कुठे काय खाल्ले असेल, हा विचार तिथल्या पायरीवर बसून खूप वेळ मनात राहिला. देवळातल्या विसाव्याविषयी इथे थोडे सविस्तर सांगायला हवे. फोंडा तालुक्यातील मोठ्या देवस्थानांना अग्रशाळा असतात, बाहेरगावचे महाजन आणि भाविक तिथे उतरतात; ती आपल्याकडची सर्वांत जुनी आणि नीट चाललेली मुक्कामाची सोय आहे. सत्तरीतल्या आणि सांग्यातल्या लहान देवळांना अशा इमारती नसतात, पण सभामंडप असतो. दुपारी बारा ते तीन या वेळात सभामंडपाची फरशी जितकी थंड असते तितकी थंड जागा पूर्ण गावात दुसरी सापडत नाही. बूट बाहेर, हातपाय धुऊन आत यावे, देवाला नमस्कार करावा, पुजाऱ्यांना किंवा समोरच्या घरात विचारावे आणि मग खांबाला पाठ लावून किंवा एका कडेला पाय थोडे उंचावर ठेवून अर्धा तास पडावे. आम्हाला कोणीही कधीही नाही म्हटले नाही. मात्र तिथे आपला डबा उघडण्यापूर्वीही विचारावे, आणि डब्यात अंडे-मासळी असेल तर बाहेरच्या पारावर जावे. हे सांगावे लागू नये, तरी अलीकडे काही ठिकाणी दिसलेल्या पाकिटांमुळे आणि बाटल्यांमुळे सांगते आहे.

त्या रात्री आम्ही तांबडी सुर्ल्याच्या अलीकडे मैत्रिणीच्या नात्यातल्या घरी राहिलो. सारवलेल्या सोप्यावर चटया, बाहेर अंधार आणि व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज. तांबड्या सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातले, कदंब राजांच्या काळातले. शनिवारी सकाळी आम्ही तिथे पोहोचलो आणि माझ्या हातून या प्रवासातली मोठी चूक घडली.

देवळाचे कोरीव काम पाहण्यात आणि नदीच्या पाण्यात पाय सोडून बसण्यात बारा वाजले. सकाळची पेज आम्ही नको म्हणून टाळली होती, कारण फोनवरच्या नकाशात मोल्याच्या वाटेवर एक जेवणाचे हॉटेल दाखवत होते, उघडे असल्याची हिरवी अक्षरेही होती. दीड वाजता तिथे पोहोचलो तर दाराला कुलूप, दारात वाळलेल्या पानांचा थर आणि फळी निखळलेली. ते बंद होऊन महिने झाले असावेत. पिशवीत चणे होते, पण पाणी तिघांत मिळून अर्धा लिटर. डांबरी रस्ता तापलेला, सावली रस्त्याच्या डाव्या बाजूला तेवढी पट्टीसारखी. आणखी दोन किलोमीटरवर भावाच्या पोटरीत असे पेटके आले की त्याला पाऊल टाकता येईना. तो रस्त्याच्या कडेला बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि दुपारच्या त्या वेळेला एकही वाहन जात नव्हते. मला त्या दहा मिनिटांत खरोखर भीती वाटली.

थोड्या पुढे माडांआड कौलारू घर दिसले. अंगणात एक आजी सुपात चवळी पाखडत होत्या. मी पाणी मागितले तर त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आदीं बस. उदक मागीर." म्हणजे आधी बस, पाणी मागाहून. त्यांनी आधी गुळाचा खडा हातावर ठेवला, मग तांब्या. भावाला सोप्यावर आडवे करून त्यांच्या सुनेने त्याच्या पोटरीला खोबरेल चोळले. मग आतून जर्मनच्या टोपात सकाळची उरलेली पेज आली. उकड्या तांदळाची, दाणे फुललेले पण अख्खे, वरचे पाणी दुधाळ आणि किंचित दाट. आजींनी करवंटीच्या दवल्याने ती वाडग्यात घातली, बोटांच्या चिमटीने मीठ टाकले आणि बशीत कैरीच्या मिस्कुटाची, म्हणजे लोणच्याची, एक फोड ठेवली. वाडगा दोन्ही हातांत धरून ती प्यायची. थंड झालेल्या पेजेचा पहिला घोट घशाखाली गेला तेव्हा कानशिलांत चाललेली धडधड हळूहळू कमी होत गेल्याचे मला स्पष्ट आठवते. भावाने तीन वाडगे घेतले आणि तासाभराने तो उठून चालू लागला.

पेजेत असे काय असते, ते मी त्या दिवसापासून नीट समजून घेतले आहे. पाणी, मीठ आणि सहज पचणारे पीठ या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र असतात, म्हणूनच जुलाबाच्या रुग्णालाही मीठ घातलेली पेज द्यायला डॉक्टर सांगतात. उकडा तांदूळ भात सालासकट उकडून मग वाळवून कांडलेला असतो. उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि पुढे कोंडा काढल्यावरही टिकून राहतात. शेतात सकाळपासून राबलेल्या माणसाने दहा-अकराला पेज घ्यायची ही जी आपली रीत आहे, ती उन्हाच्या आणि घामाच्या हिशेबानेच बसलेली आहे. त्या घरात पैसे देऊ करायची माझी हिंमत झाली नाही. उरलेल्या खाज्यातले निम्मे मी त्यांच्या नातवंडांच्या हातात दिले, आणि उठताना आजींनी आमच्या तिन्ही बाटल्या विहिरीच्या पाण्याने भरून घेतल्या आहेत की नाही हे स्वतः हलवून पाहिले.

अशा आदरातिथ्यावर विसंबून कोणी बेत आखू नये, हेही मला लगेच म्हणावेसे वाटते. ते घर तिथे होते, आजी घरी होत्या, पेज उरलेली होती, हे आमचे नशीब होते. माणशी दोन लिटर पाणी पाठीवर असल्याशिवाय या पट्ट्यातले कुठलेही गाव सोडू नये, आणि नकाशावरचे हॉटेल आदल्या गावात विचारून खात्री केल्याशिवाय हिशेबात धरू नये.

मोल्याला पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते. हा राष्ट्रीय महामार्ग ७४८. पणजीहून बेळगावला जाणारे ट्रक इथे थांबून मग अनमोड घाट चढतात, त्यामुळे इथली खानावळ रात्री उशिरापर्यंत चालते. आम्हाला गरमागरम इडल्या मिळाल्या, चपाती मिळाली आणि राहण्यासाठी खोलीही मिळाली. सोय सगळी, पण कोणी कुठून आलात असे विचारले नाही, आणि दिवसभराच्या त्या घटनेनंतर मला ते जाणवले.

रविवारचे चालणे मुद्दाम लहान ठेवले, मोले ते कुळे, सहा-एक किलोमीटर. पायांना विश्रांतीचा दिवस द्यायचा असेल तर पूर्ण बसून राहण्यापेक्षा असे थोडे चालणे बरे, असा आमचा अनुभव आहे. पूर्ण दिवस बसले की दुसऱ्या दिवशी टाचा आखडतात. कुळ्याला मात्र रविवार निवडणे चुकलेच. दूधसागरच्या जीपगाड्यांसाठी आलेल्या पर्यटकांनी गाव भरून गेले होते, आणि प्रत्येक हॉटेलात मोठ्या परातींतून सर्वांसाठी तेच जेवण वाढले जात होते. आम्ही गर्दी सोडून रेल्वे स्थानकावर गेलो. मुरगावहून घाटावर जाणारा हा मार्ग १८८८ साली सुरू झाला, त्यामुळे कुळे हे प्रवाशांना चहा पाजण्यात सव्वाशे वर्षांहून मुरलेले गाव आहे. फलाटावरच्या बाकावर बटाटवडा आणि चहा घेऊन आम्ही दीड तास बसलो. दूधसागरपर्यंत रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेने बंदी घातलेली आहे. काही तरुण आम्हाला त्याविषयी विचारत होते, त्यांना आम्ही परोपरीने परतवले.

सोमवारी कुळे ते सांगे, या प्रवासातला मनाला चटका लावणारा टप्पा. काले गावाच्या बाजूने येणारा हा सगळा रस्ता एकेकाळी खनिजाच्या ट्रकांनी लाल झालेला असे. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या, आणि ट्रक थांबले तशी ट्रकवाल्यांसाठी चाललेली हॉटेलेही गेली. पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत, आत सिमेंटचा ओटा आहे, कुठे बाहेर पाण्याची टाकी आहे, आणि ओट्यावर घाणेरी वाढली आहे. धूळ, अपघात आणि लाल झालेली शेते मी विसरलेली नाही. पण पाच तासांच्या चालीत चहासाठी एकच उघडे दार सापडले, तेव्हा त्या रिकाम्या ओट्यांकडे पाहून वाईट वाटले. ते दार एका मावशींचे होते. पूर्वी पहाटे चारला चूल पेटायची आणि दोन बायका मदतीला असायच्या, आता शाळेच्या मुलांसाठी आणि बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरसाठी थोडे करते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे बन्स होते. पिकलेले केळे मैद्यात मळून तळलेले, बाहेरून तपकिरी, आत किंचित गोड आणि लुसलुशीत, सोबत आळसांद्यांची, म्हणजे मोठ्या चवळीची, उसळ. आम्ही एवढे खाल्ले की त्या हसू लागल्या. या वाटेने कोणी जाणार असेल तर त्यांनी आपले बिस्किटांचे पुडे घरी ठेवावेत आणि अशा दारांत बसून खावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच मावशींनी आम्हाला घरामागचे न्हाणीघर वापरू दिले, आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. पुरुष विसाव्याविषयी लिहितात तेव्हा सावली, पाणी आणि बसायला दगड एवढ्यावर थांबतात. बायकांना चौथी गोष्ट लागते. सहा दिवसांत आम्हा दोघींना स्वच्छ, कडी लागणारे शौचालय मिळाले ते मुक्कामाची ठिकाणे सोडली तर मोजक्याच जागी, आणि त्यासाठी दुपारी पाणी कमी प्यावे असा मोह होतो, जो उन्हात धोक्याचा आहे. आमचा अनुभव असा की सकाळच्या वेळी उघडे असलेले पंचायत घर, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा या तीन ठिकाणी संकोच न करता विचारावे. बाई माणूस विचारते आहे म्हटल्यावर किल्ली शोधून देतात. सुट्टीच्या दिवशी हे तिन्ही बंद असतात, तेव्हा सरळ एखाद्या घरी जाऊन घरातल्या बाईला सांगावे.

सांग्याहून नेत्रावळीचा शेवटचा दिवस सावलीचा होता. वाटेत एका धनगरवाड्यावर ताजे ताक मिळाले, पातळ, आले आणि मीठ लावलेले, पितळेच्या पेल्यात. नेत्रावळीत आता काही कुळागरांमधून, म्हणजे पोफळीच्या बागांमधून, पाहुण्यांना उतरण्याची सोय झाली आहे. पोफळी, मिरवेल आणि जायफळाच्या सावलीत खोल्या, आणि जेवण घरातल्या चुलीवरचे. आम्ही आधी फोन करून सांगितले होते, त्यामुळे दुपारी दोनला पोहोचूनही पान तयार होते. जेवणाआधी तिथल्या काकींनी नाचण्याचे तिजाण दिले, गूळ आणि नारळाचा रस घातलेले, अजून कोमट. पहाटे निघायचे असेल तर हेच घेऊन निघा, दुपारपर्यंत भूक लागत नाही, असे त्या म्हणाल्या. आम्हाला ते पहिल्या दिवशीच कळायला हवे होते.

संध्याकाळी गोपीनाथाच्या देवळाशेजारच्या बुडबुड्यांच्या तळीवर जाऊन बसलो. पायऱ्यांवर बूट काढून पाय पाण्याजवळ सोडले. तळातून एकेक बुडबुडा वर येत होता. पिशवी रिकामी करून पाहिली : आगळाची बाटली संपली होती, चणे संपले होते, पावडरींची पाकिटे तशीच होती आणि खाज्याच्या चार कांड्या उरल्या होत्या. तिघांनी एकेक घेतली. चौथी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या कदंब परिवहनाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीला दिली, आणि काकींनी आमच्या बाटलीत भरून दिलेले नवे आगळ पिशवीत उभे राहील असे नीट ठेवले.